पावती क्रमांक ४१७

सेलूच्या कर्णबधिर शाळेत
मुंजाजी पावतीपुस्तक उघडून बसलाय.
देणगी क्रिप्टोतली.
श्री. की सौ.?
देणाऱ्याचं नाव म्हणजे बेचाळीस अक्षरांची ओळ,
ना गाव, ना आडनाव.

"आजच विका, रुपये करा,"
परभणीचा ऑडिटर फोनवर,
"भाव रात्रीतून उतरतो. वेळ मिनिटासकट लिहा."

किल्ली म्हणजे बारा शब्द.
सहा हेडबाईंच्या डायरीत,
सहा मुंजाजीच्या टोपीच्या अस्तरात.
एकट्याला उघडत नाही काही.

दुपारी खात्यात एकोणीस हजार.
श्रवणयंत्रांचे सेल, दिवाळीपर्यंतचे.

तिसरीतली शाइस्ता खूण करते: कोण?
तो तळवे उघडतो.
ती जरा थांबते,
मग त्याला नावच देऊन टाकते:
मुठीतून एक बोट हळूच वर,
मातीतून सरकी निघावी तसं.

हे रकान्यात कसं बसवावं, काय की.