पंप नंबर चार

रात्री बारा ते सकाळी आठ.
वहीत मी लिहितो: चालू. दाब. सम्पची पातळी.
शेवटचा रकाना शेऱ्याचा.
तिथे आडवी रेघ मारायची, अशी माझ्या आधीपासूनची पद्धत आहे.

सम्पच्या वर, हवेत, साधारण एकशे दहा फुटांवर
आमची विहीर होती.
ती जागा मला अजून बोटानं दाखवता येते.
पहाटे एखादा बगळा
तिच्यातून आरपार जातो.
जमिनीच्या बदल्यात नोकरी, नोकरीत हा पंप.
म्हणजे पाणी बहुतेक तेच,
आणि उपसणारंही घर तेच.

पाइप टेकाड ओलांडून नाल्यात उतरतो.
तिथून दोन कोसांवर पिंपरडोह,
तिथे बहीण दिलेली, गिरजा.
तीन एकर ओलीत. गहू, थोडी मिरची,
दांडाच्या कडेनं मेथी.

पूर्वी हा नाला संक्रांतीलाच आटायचा.
आता वैशाखातही वाहतो.
लोक आधी म्हणाले, बरं झालं बाप्पा.
मग मिरचीच्या ठिबकच्या नळ्या बुजायला लागल्या.
गिरजा सुईनं एकेक भोक टोकरते,
पांढरा भुगा निघतो, पानाच्या चुन्यासारखा.
वाफ्यातल्या ढेकळांवर तसाच पापुद्रा.
मेथी कडेनं करपते, मधून हिरवी.
आणि डाळ शिजत नाही.
"पाच शिट्ट्या झाल्या, दाना न् दाना येगळा होऊन रायला,"
ती म्हणते, माझ्याकडे न पाहता.

साहेब आले, बाटली भरून घेऊन गेले.
कागद आला: रंग नाही, वास नाही, सर्व मर्यादेत.
तुळशीराम पिंपळशेंडेनं तो पंचायतीत मोठ्यानं वाचला,
मग पुन्हा एकदा वाचला.
देवाजी टेकाम मागून म्हणाला,
"मेथीले इचारलं का कोनी?"

तेवीस सह्यांचा अर्ज झाला:
हे पाणी नाल्यात सोडू नये.
चौथी सही गिरजाची.

अर्ज गेटवर पोचला त्याच आठवड्यात मोटार जळली.
खाणीत पाणी गुडघ्याला लागलं.
नाल्यात घोट्याएवढं, मग गोटे,
मग गोट्यांखाली तडफडणाऱ्या चार मासोळ्या.
चौथ्या दिवशी गेटवर तीच माणसं.
गहू चिकात होता.
तुळशीरामनं चपला का काढल्या कोण जाणे.
"पानी कधी सुटन?"
अर्जाचं मी विचारलं नाही. त्यानंही काढलं नाही.

बटण मीच दाबलं.
पाइप आधी हवा ओकतो, मग गढूळ, मग स्वच्छ,
इतकं स्वच्छ, की तळाचे गोटे मोजून घ्यावेत.
त्या रात्री शेऱ्यात रेघ मारताना
हात जरा वर गेला.

शनिवारी कॅन्टीनमधून वीस लिटरचा कॅन भरतो,
फिल्टरचं, गोडं,
गाडीच्या मागे दोरीनं आवळून नेतो.
तीन शिट्ट्यांत डाळ मऊ.
उरलेलं पाणी गिरजा झाकून ठेवते, पाहुण्यांसाठी.
वाढताना विचारते, "खान किती वर्सं चालन रे?"
बारा म्हणतात.
"अन् मंग?"
मग पंप उचलून नेतील, एवढं मला माहीत आहे.
मी भात कालवत राहतो.

बाहेर दांडात पाणी पोचल्याचा आवाज येतो.
ती ताट तसंच ठेवून उठते,
फावडं घेते,
दुसरा वाफा फोडायला जाते.