ताणाची वही

माझ्या वहीत तिचं नाव तीनदा आहे.
पहिल्यांदा चुकलंय: "सोलन",
हिमाचलातलं गाव असावं तसं.
तिनं ओठ लांबवून दाखवलं, सो-लेन,
मग मी वर एक मात्रा ठेवली.

रामनगरच्या कोर्टांमागे, पाण्याच्या टाकीला लागून
माझं मशीन असतं.
जुनी तार कापायची, नवी भरायची, गाठ मारायची,
नाव लिहायचं, ताण लिहायचा.
बाकी टेनिस मला पाठमोरंच ऐकू येतं.

वय एकोणीस. चोपन्न पौंड.
सोबत आई, कोच,
आणि सहा रॅकेटी, सहा सख्ख्या बहिणी.
आईनं भावात घासाघीस केली नाही
याचं मला जरा वाईटच वाटलं.
त्या आठवड्यात ती फायनल हरली,
पण अशी हरली की जिंकलेलीचं नाव
कोणाच्या लक्षात राहिलं नाही.
घाटोळे सर, जे आजवर कुणाला बरं म्हणाले नाहीत,
म्हणाले, "हे पोट्टी पॅरिसले दिसन. लिहून ठेव."
मी लिहून ठेवलं. समासात.

मग सहा वर्षं कोरी.
मग: एकोणपन्नास पौंड.
खांद्याला दोन छिद्रं पाडून झाली होती,
कोच दुसऱ्या मुलीकडे गेला होता,
आई परत कामाला लागली होती, बेकरीत, पहाटेच्या पाळीला.
आमचं दोघांचंही इंग्रजी मोडकं,
म्हणून जमलं.
मधल्या काळात ती पॅरिसला खेळून आली होती.
मोठ्या कोर्टावर नाही, कडेच्या एका,
जिथे खेळाडूंपेक्षा
आइस्क्रीमच्या रांगेत जास्त माणसं.
एक तास चार मिनिटं.
मोबाइलवर तिनं फोटो दाखवला:
लाल मातीत घसरल्याची एक लांब रेघ.
माणूस कुणीच नाही.
"ही मी," म्हणाली.
सरांना सांगितलं, तर म्हणे,
"दिसली ना मंग."

आणि हे यंदाचं. डिसेंबर, सकाळचे सात,
ग्लास दोन्ही हातांत धरून बसावं अशी थंडी.
वय एकतीस. त्रेचाळीस पौंड.
रॅकेटी दोन. तिसरी अंताल्यात विकली,
तिकिटाला थोडे कमी पडत होते.
ढिली तार चेंडू आपणच फेकते,
हाताकडे कमी मागते,
पण तो पडेल कुठे, ते तारेच्या मनावर.
हे तिला माझ्याहून बरं ठाऊक.
तरी म्हणाली, "एक्केचाळीस?"
मी नुसता मशीनकडे बघत राहिलो.
त्रेचाळीसच राहिलं.

पात्रता फेरी. समोर ऋजुता बोरकुटे,
दाभ्याची, सोळा वर्षांची.
तिचीही रॅकेट मीच भरलेली. चोपन्न.
चोपन्नचा आवाज टणक,
तांब्याच्या गडव्यावर नख मारल्यागत.
त्रेचाळीसचा जाड, ओल्या डफासारखा.
पावणेतीन तास टण, धप, टण, धप.
एका दुसऱ्याच रॅकेटचं काम
मी तेवढा वेळ हातात धरून होतो.
शेवटचा आवाज धप होता,
मग टाळ्या, नऊ-दहा माणसांच्या.
जिंकली.
बक्षीस काही नाही. बक्षीस म्हणजे
उद्या परत खेळायचं.

उद्या ती कोर्टावर गेली नाही.
माझ्याकडे आली,
डावा हात उजव्या खांद्यावर, कुणी दुसऱ्याचा ठेवावा तसा.
"काप," म्हणाली. "नवी नको."
तार मधोमधूनच कापायची असते,
कडेनं कापली तर फ्रेम वाकते.
तिनं कात्री मागितली नाही, मीही दिली नाही.
चार वेळा कटकट, आणि जाळी गळून पडली,
कोळ्याचं घर पडावं तशी, बिनआवाजाची.

पैसे नको म्हणालो तर भडकली.
मग घेतले.
ताणाचा रकाना मी अजून भरलेला नाही.

फाटकाबाहेर
रिकामी फ्रेम कोपरात अडकवून ती ऑटोवाल्यापुढे उभी.
तो म्हणाला, तीनशे.
ती म्हणाली, "दीडशे."
मराठीत.