चंद्रोदयाची वेळ

रावपुऱ्यातल्या दवाखान्यात
हंसाबेन नर्स सांगायच्या,
पाळी आली की आठेक दिवस जाऊ द्यायचे.
छाती मऊ पडते मग, ठणकत नाही,
हाताला खरं काय ते कळतं.
आधी बघाल तर उगाच घाबराल.

तेवीस वर्षं मी तसंच केलं.
म्हणजे, आठवेल तेव्हा.
न्हाणीघराला कडी, गिझरचा लाल दिवा,
आणि बाहेरून कोणीतरी, अजून किती वेळ?

आता चौदा महिने झाले, पाळीच नाही.
खणात अर्धं पाकीट तसंच पडलंय.
आठ दिवस मोजायचे, पण कुठून?

हंसाबेनच्या जागी आलेली पोरगी म्हणाली,
कोई पण एक तारीख नक्की करी लो, माशी.
कोई पण!
एक तारखेला दूधवाला, दहाला भिशी,
पंचविसाला ह्यांचं इन्शुलिन.
उरलेल्यांतून एक दिवस स्वतःसाठी
निवडता येईना मला.

मंदावन्सं म्हणायच्या, वेळच मिळत नाही गं.
गाठ सुपारीएवढी झाली तेव्हा मिळाला.
हल्ली त्या ब्लाउजमध्ये एका बाजूला
रुमालाची घडी ठेवतात.

मग कॅलेंडरात संकष्टी दिसली.
महिन्यातून एकदा, न चुकता,
खाली बारीक अक्षरांत चंद्रोदय ९.१२.
वेळ मुंबईची. बडोद्याला दोन-चार मिनिटं इकडेतिकडे.

त्या रात्री सगळं घर चंद्रासाठी खोळंबतं.
उर्वी गच्चीवर जाऊन येते,
म्हणते, समोरच्या टॉवरआड आहे अजून.
उपासाच्या बाईला कोणी हाक मारत नाही.

मी आतल्या खोलीत, आरशासमोर.
एक हात डोक्यामागे,
दुसऱ्याची तीन बोटं सपाट,
लहान लहान गोल, थेट काखेपर्यंत.
ताटात तांदूळ निवडावेत तशी.
खडा असेलच असं नाही,
पण न निवडता शिजवत नाही ना आपण.

बाहेर आले तर उर्वी विचारते,
दिसला का, आई?
म्हटलं, काही नाही दिसलं. पानं घे.
ती हसली, मग उपास कसा सोडायचा?

तिला सांगायचंय एकदा,
तू माझ्या चतुर्थीवर जाऊ नकोस.
तुझी तारीख अजून
तुझं तुलाच कळते.