दात नसलेली किल्ली

उणे चौतीस. एर्डेनेटच्या खाणीवरचा धूर
खांब रोवल्यासारखा सरळ उभा.
त्सेरमाबाईंची प्रिउस चार दिवस जागची हललेली नाही,
काचांवर बोटभर बर्फ,
आणि किल्ली?
"सेलेंगेत पडली. मासे धरताना."

जानेवारीत सेलेंगेवरून ट्रक जातात.
मी काही बोललो नाही.
किल्ली कशी हरवली ते विचारायचे पैसे
मला कुणी देत नाही.

दार तारेने उघडलं; दार कधीच अवघड नसतं.
माझ्या व्हॅनमधून तिला थोडी वीज पाजली.
मग अंगरख्याच्या आतून, छातीशी धरलेला लॅपटॉप काढला,
तान्हं मूल काढावं तसा.
उघड्यावर त्याचा जीव सहा मिनिटांत जातो.

वायर जोडता जोडता मी माझं नेहमीचं सांगत होतो:
पूर्वीच्या किल्लीला दात होते, बाई,
कानस घेतली, नवे पाडले, काम झालं.
हिला दात नाहीत. ही फिरवायचीच नसते.
गाडी विचारते, जवळ आहेस का?
हिने खिशातल्या खिशात हो म्हणायचं, बस्स.
पण दर वेळी वेगळं हो.
कालचं हो आज चालत नाही.

बाई शाळेत गणित शिकवतात. त्यांना हे लगेच कळलं.
"म्हणजे उत्तर एकच, रीत वेगळी," म्हणाल्या.

पडद्यावर प्रश्न आला: जुनी किल्ली पुसायची?
"नदीत आहे ना, मग पुसतो. उद्या कुणा कोळ्याला सापडली तर—"
"थांबा."

हातमोज्याने त्या काच पुसत राहिल्या, आधीच पुसलेली.
"नदीत नाही. सुमियाच्या कोटात आहे.
आनसानला गेला तो, कोरियात, बुधवारी.
आदल्या रात्री त्यानेच गाडी लावली होती.
सकाळी बसमागे मी दूध शिंपडलं,
पळीने, तीनदा, रीतसर.
खिसे तपासायचं तेवढं राहिलं."

मग थोड्या वेळाने, गाडीकडे बघत,
"कुरियरने पाठवतो म्हणाला.
म्हटलं, खबरदार. हातात आणून दे."

माझा बारा वर्षांचा नियम आहे:
हातात नाही ती किल्ली पुसायची.
पुसली नाही म्हणून एकदा पोलीस ठाण्यात
अख्खी दुपार बसलोय मी, बूट ओले घेऊन.
बाण 'हो'वरच होता.
पण तो मुलगा येणार, दोन वर्षांनी, पाच वर्षांनी,
अंगणात उभा राहणार बॅग घेऊन,
आणि गाडी त्याला ओळखच दाखवणार नाही,
हे काही बरं दिसत नव्हतं.

बाण सरकवला.

मग सोळा मिनिटं. यंत्राला घाई चालत नाही,
लाल दिवा लुकलुकतो, आपण बसायचं.
बाईंनी थर्मासमधला खारा चहा ओतला.
मुलाबद्दल एक शब्द नाही.
खाणीतले पगार, कोळशाचा भाव,
नववीच्या पोरांना अपूर्णांक येत नाहीत, हे सगळं बोललो.
काचेवर आमचीच वाफ गोठत गेली
आणि बाहेरचं शहर दिसेनासं झालं.

दिवा विझला.
नोंद असलेल्या किल्ल्या: दोन.
पैसे मी एकीचे घेतले.

"एक सांगतो, त्याला म्हणावं सेल बदलत जा.
सेल संपला की तीही मुकी होते."
बाईंनी हे वहीत लिहून घेतलं,
तारीख घालून.

नवी किल्ली खिशात. पाय ब्रेकवर. बटण.
डॅशबोर्ड उजळला, आणि गाडीतली ती बाई,
जी कुठल्याशा जपानी गावापासून हिच्यासोबत आलीय,
अदबीने काहीतरी म्हणाली.
काय म्हणते, ते एर्डेनेटमध्ये कुणालाच ठाऊक नाही.
आम्ही दोघांनीही मान डोलावली.