खोली

देवळालीच्या दवाखान्यात पोरगेलासा डॉक्टर विचारतो,
बिडी? तंबाखू? गिरणीत होता?
मी म्हणतो, पाण्याखाली. पाणबुडीत. एकोणीस वर्षं.
फॉर्मवर रकाने: गिरणी, खाण, इतर.
तो ‘इतर’वर खूण करतो.

इंजिनरूमच्या पाइपांना पांढरं बँडेज असायचं,
गळती लागली की सोलायचं हातानं,
पिंजाऱ्याकडच्या कापसागत उडायचं.
खिडकी कुठली?
छप्पन्न जण एकच हवा वाटून घ्यायचो,
उष्टी, परत उष्टी.
ओय गायधनी, रोटीपे आटा गिर गया, म्हणायचा तारासिंग.
झटकून खायचो.
तारासिंग गेला. पत्रात होतं, दम लागून.
बावन्न वर्षांचा.

आणि विशाखापट्टणमच्या क्वार्टरमध्ये
कौसल्या माझी डांगरी गच्चीवर झटकायची,
तोंडाला पदर न लावता, गाणं म्हणत.
उद्या तिचा एक्स-रे आहे.
तिला सांगितलंय, नेहमीचाच.

घरापासून गोदेचा घाट आता तीन टप्प्यांत:
रसवंती, मेडिकल, पाणपोई.
नातू तरणतलावात बुडी मारतो,
मला मोजायला लावतो.
एकतीस, बत्तीस...
तो वर येण्याआधी माझाच श्वास संपतो.
आजोबा, चिटिंग! ओरडतो तो, नाकातून पाणी गाळत.

रात्री ऑक्सिजनची नळी लावताना
नर्स विचारते, खोली किती, बाबा?
झोपेत मी सांगतो, एकशेऐंशी मीटर.
ती रागावत नाही.
वहीत लिहिते: अकरा.