घोडा तयार आहे

दुसऱ्या अंकाच्या शेवटाला माझं एकच वाक्य होतं:
"महाराज, घोडा तयार आहे."
तेवढ्यासाठी मी मिशी चिकटवायचो,
घरच्यांसाठी पुढच्या रांगेचे चार पास मागून घ्यायचो,
आणि दिवसभर काट्यावर कापसाच्या गाड्या मोजताना पुटपुटायचो,
कधी महाराजांवर जोर देऊन, कधी घोड्यावर.

अमळनेरला आम्हाला कोण देणार थिएटर,
जिनिंगची शेड रिकामी करून घेतलेली.
गाठी भिंतीला सारलेल्या, सरकीच्या वासात सतरंज्या,
आणि बत्ती लागली की हवेत तरंगणारा कापूस
थेट हिमालयातल्या बर्फासारखा दिसायचा.
नाटकात हिमालय नव्हता.

राजा म्हणजे लोटन शिंपी.
मुकुट त्याचा त्यानेच शिवलेला.
दुकानात तो कायम टाचण्या ओठांत धरून,
त्यामुळे गावाने त्याला बोलताना फारसं ऐकलं नव्हतं.
म्हणून पिलूतलं ते पद त्याने उचललं
की वाटायचं, वर्षभराच्या टाचण्या
एकेक करून काढून ठेवतोय.

मी विंगेत. जोडे चढवून.
तो समेवर आला, मी उजवा पाय टाकला,
"महा—"
आणि शेडचे पत्रे वाजले: वन्स मोअर!
मागून, भिंतीवर चढलेल्यांकडून:
आखो एकडाव, लोटन्या!
पाय मागे.

यूसुफ मास्तरांनी पायपेटी पुन्हा सुरू केली.
दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा.
तबल्यावरच्या धुडकूने मधल्या मधे पाणी पिऊन घेतलं,
प्रॉम्प्टर वही मिटून चक्क मांडी घालून बसला.
चौथ्या वेळी मी पाय उचललाच नाही.
राणी पडद्याआड शेंगा खात होती, म्हणाली,
तुझं काही आज होत नाही.

गाणं नाटक थांबवतं ते असं:
युद्ध सीमेवर ताटकळतं,
विष पेल्यात तसंच निवत राहतं,
ज्याला पुढच्या अंकात मरायचंय तो रंगपटात घोरतो,
आणि राज्य बुडतंय हे ठाऊक असलेला एकटा मी,
डिंकाने खाजणारा वरचा ओठ दाबून.

पाचव्या वेळी वरचा षड्ज फाटला.
जुना मांजरपाट फाटावा तसा, टर्रकन.
कुणी हसलं नाही.
लोटनने विंगेकडे पाहिलं. माझ्याकडे.
ये, असं ते पाहणं.
जाऊ शकलो असतो.
गेलो नाही. का, ते अजून नीट सांगता येत नाही.
थोडंफार, मलाही ऐकायचं होतं.

मग हाताने पेटी थांबवून,
खाली येऊन, फार खाली,
त्याने तेच पद जात्याच्या चालीत म्हटलं,
बाया पहाटे दादर दळताना म्हणतात तसं.
शब्द राजाचे, जडजड, संस्कृतातले,
सूर बोरीकाठचा.
संपलं.
टाळी नाही. आरोळी नाही.
बाहेरून सुरतेकडची मालगाडी गेली,
बसल्याजागी तिचे डबे मोजता आले असते.

हीच माझी वेळ.
गेलो. मुजरा केला. तोंड उघडलं,
आणि वर्षभर घोटलेलं वाक्य
आईच्या बोलीत बाहेर पडलं:
"घोडा उभा शे, महाराज.
पन घाई नही."

शेड आधी हसली मग रडली, का उलट,
पडदा कुणी ओढला तेही माहीत नाही.
तिसरा अंक झाला. युद्ध, विष, सगळं.
विचारा कुणालाही, आठवत नाही.

सकाळी दुकानात गेलो. त्याचा आवाज पार बसलेला.
टेपने माझे खांदे मोजले, उगाच,
मी कापड नेलंच नव्हतं.
आणि टाचण्या तोंडात असल्यागत ओठ मिटून
टेबलावर खडूने लिहिलं:
घाई नही.
मग बाहीने पुसलं,
आणि कुणाचा तरी लेंगा कापायला घेतला.