वाढत्या अंगाचं

आई म्हणते, एक नंबर मोठी द्या,
वाढत्या अंगाचा आहे.

दिसतंच आहे. झावेनच्या अंगावरचं सगळंच वाढत्या अंगाचं :
कोटाच्या बाह्या दोनदा दुमडलेल्या,
बुटांच्या टोकात वर्तमानपत्राचे बोळे.
गुम्रीच्या थंडीत हेच शहाणपण.
मीही असल्याच बुटांत शाळा संपवली,
एकदा तर बोळा काढून बातमी वाचत बसले होते.

पण ग्रिपचं तसं नसतं, हेरिक्नाझ.
चहा घे. शेगडीजवळ सरक.
आणि तू, हात दे इकडे.

तळव्यावर घट्टे : चार, ओळीनं,
एक कालच फुटलेला, गुलाबी.
मधल्या बोटाच्या मुळापासून मनगटाच्या रेघेपर्यंत
मी फूटपट्टी धरते. साडेनऊ.
पुन्हा धरते. हात गारठलेला असला की खोटं बोलतो.
साडेनऊच.

मग तीन बोटं तीन भोकांतून.
पहिल्या पेराखाली अडकायला हवीत,
फार खाली घसरली तर भोक मोठं,
बोट निळं पडलं तर छोटं.
आता ही कांडी. मूठ मीट.
कांडी दांड्याला धरते की बोटांना छळते?
लाजू नकोस, सांग.
दुकानात खोटं बोललेलं वर, दांड्यावर, उघडं पडतं.

आई पुन्हा म्हणते, सहा महिन्यांत लहान होईल.
होईल. चामडंही ताणेल, त्याच्याबरोबर.
ताणलेलं चामडं घेऊन तो गरगर फिरत असेल
आणि तू खाली बाकावर मोजे विणत असशील.

माझा भाऊ, आर्शाक, सतरा वर्षांचा होता.
ग्रिप कुणाची तरी उतरलेली,
चांगल्या कातड्याची, अर्धं बोट लांब.
सगळा हिवाळा निभावली.
मग एका मंगळवारी चामडं दांड्याभोवती फिरून
स्वतःच्याच पोटाखाली शिरलं आणि बसलं.
हात थांबला.
तो नाही थांबला.

मी सफरचंद खात होते.
आवाज लाकडाचा वाटला,
म्हणून वर बघितलं, कुठली फळी मोडली ते.

आता तो तिबिलिसीपर्यंत ट्रक नेतो.
गिअर टाकताना कोपर बाहेर काढतो, इतकंच.
दारू प्यायला की म्हणतो, तुझं दुकान माझ्या हाडावर उभं आहे.
खरं आहे. मी भाडं देत नाही.

हेरिक्नाझ गप्प आहे. बटव्यातल्या नोटा
बोटांनी चाचपते, बाहेर काढत नाही.

मग मी वही काढते.
दर पानावर एक हात, पेन्सिलीनं गिरवलेला.
काही पोरांचे चार-चार, एकात एक,
झाडाच्या खोडातल्या वर्तुळांसारखे.
काहींचा एकच. का, ते मी विचारत नाही.
झावेनचा गिरवते. पेन्सिल फुटलेल्या घट्ट्याच्या कडेनं जाते
तेव्हा तो श्वास धरतो, हात हलवत नाही.
बरा होईल हा.

असं करू, मी म्हणते. आज याच्या मापाची.
आणि हे बघ, याच कातड्याचा कोपरा,
यावर त्याचं नाव लिहिते. पाडव्याला नाही,
जर्दाळू पिकतील तेव्हा आण त्याला,
फक्त शिलाईचे पैसे.

किती मोठा ठेवशील कोपरा?
तुला काय ठाऊक किती वाढेल ते?

ठाऊक नाही. म्हणून तुझा हात दे.

माझा? ती बाही खाली ओढते.
मोज्यांच्या कारखान्यातला रंग नखांत,
अंगठा सुयांनी भोसकलेला.
माझा कशाला, तो बापावर गेलाय.

दे गं.

ती वहीवर हात ठेवते, पंजा फाकवून,
चोरून आणलेली वस्तू ठेवावी तसा.
पेन्सिल पहिल्या बेचक्यात शिरते मात्र,
आणि ती अशी खिदळते
की झावेन दचकून बघतो :
हे हसणं घरात कुठं ठेवलं होतं?

हलू नकोस, मी म्हणते. माप चुकेल.